नगरची ॲनाबाई

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका नामांकित व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे ज्या सभेत ठरले त्या सभेला मी उशिरा पोचले. घरी गॅसची टाकी यायची होती. मी येईपर्यंत जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, आनंदीबाई जोशी अशी सारी नावे वाटून झाली होती. तुम्हाला सुचेल ते लिहा, असे मला सांगण्यात आले. मला काय सुचणार? मी काही लेखिका नव्हे. वाण्याची यादी आणि लग्नानंतर वर्ष दोन वर्षे माहेरी धाडलेली पत्रे, यापलीकडे माझ्या हातून काही लिहिले गेलेले नाही.

त्याच आठवड्यात माझ्या नणंदेची मुलगी आमच्याकडे आली आणि घरात एकच गडबड उडाली. पोरगी बी.ए. झाली आहे, इंग्रजी चांगले बोलते. तिने ठरवले आहे की एक वर्ष थायलंडात जाऊन तिथल्या शाळेतल्या मुलांना इंग्रजी शिकवायचे. पगार नाही. राहायला खोली, दोन वेळचे जेवण, आणि जाण्यायेण्याचे भाडे पदरचे. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आमच्या ह्यांचे म्हणणे, फुकट शिकवायचेच तर नगरच्या शाळा काय ओस पडल्या आहेत? नणंदबाई नुसत्या डोळे पुसत बसल्या, कारण मुलीला दोन ठिकाणे सांगून आली होती. मी मात्र गप्प होते. मामीने आपल्या बाजूने बोलावे म्हणून पोरीने रात्री स्वयंपाकघरात मला एक गोष्ट सांगितली. म्हणाली, मामी, दीडशे वर्षांपूर्वी याच देशात इंग्रजी शिकवायला एक बाई गेली होती, आणि ती आपल्या नगरची होती.

मला आधी थट्टाच वाटली. पण तिच्याजवळ इंग्रजी पुस्तके होती, त्यांतून तिने मला चार पाच दिवस भाजी निवडता निवडता सारे वाचून, उलगडून सांगितले. तेच मी माझ्या भाषेत इथे मांडते आहे.

तिचे नाव ॲना लिओनोवेन्स. इंग्रजी सिनेमे पाहणाऱ्यांना ते ठाऊक असेल. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवणारी गोरी मास्तरीण म्हणून तिच्यावर नाटके झाली, सिनेमे झाले. जगाला ती वेल्स प्रांतातली, लष्करातल्या एका कप्तानाची मुलगी म्हणून माहीत होती. ती स्वतःच तसे सांगत असे. ती वारल्यावर साठ वर्षे उलटली तरी कुणाला शंका आली नाही. पुढे ब्रिस्टो नावाच्या एका गृहस्थाने तिच्या मुलाचे चरित्र लिहायला घेतले, त्यासाठी जुनी दप्तरे चाळली, तेव्हा उलगडा झाला. ते पुस्तक १९७६ साली निघाले. ॲनाचा जन्म वेल्समध्ये नव्हे, आपल्या अहमदनगरला झाला होता, नोव्हेंबर १८३१ मध्ये. (आता शहराचे सरकारी नाव अहिल्यानगर झाले आहे, पण तोंडात अजून नगरच येते, म्हणून तसेच लिहिते.)

बाप थॉमस एडवर्ड्स मूळचा लंडनचा सुतार, लाकडी सामान करणारा. कंपनी सरकारच्या मुंबईकडील सफरमैना पलटणीत भरती होऊन सार्जंट झालेला. ॲना आईच्या पोटात असतानाच तो वारला. तिच्या आधीची एक मुलगी होती, एलायझा नावाची. म्हणजे आई पंधरा सोळा वर्षांची, कडेवर एक मूल, पोटात दुसरे, आणि नवरा गेलेला. तिने लगेच दुसरे लग्न केले, पॅट्रिक डोनोहो नावाच्या एका आयरिश शिपायाशी. लष्करी वस्तीत विधवेला दुसरा मार्गच नसे. पुनर्विवाह केला नाही तर पलटणीतला शिधा आणि राहायची जागा दोन्ही जायची. आपल्याकडच्या विधवेचे केस काढत, त्यांच्याकडच्या विधवेला महिन्या दोन महिन्यांत बोहल्यावर चढवत. कोणते बरे म्हणावे ते मला कळत नाही.

आता मुख्य गोष्ट अशी की ॲनाच्या आईची आई कोण, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. आजोबा ग्लॅस्कॉट मुंबईच्या देशी पलटणीत लेफ्टनंट होते. त्यांचे नाव आहे, हुद्दा आहे, पण बायकोचे नाव नाही. संशोधक म्हणतात की ती बहुधा इथलीच बाई असावी, किंवा मिश्र रक्ताची तरी असावी. भगिनींनो, त्या बाईच्या नावाची जागा कोरी राहिली, आणि त्या कोऱ्या जागेपायी नातीला जन्मभर खोटे बोलावे लागले. त्या काळी गोऱ्यांच्या समाजात काळ्या रक्ताचा थेंब जरी निघाला तरी मुलीला चांगले घर नाही, चांगली नोकरी नाही.

ॲनाचे लहानपण लष्करी वस्त्यांत आणि पुढे पुण्यात गेले. बराकीत एका खोलीत तीन चार बिऱ्हाडे, मध्ये चादरीचा आडपडदा, अशी शिपायांच्या कुटुंबांची राहणी असे. तिच्या कानावर मराठी, हिंदुस्थानी पडत असणारच. एलायझाचे लग्न पंधराव्या वर्षी एका सार्जंटशी लावून दिले. ॲनाने मात्र स्वतःचे स्वतः जमवले. थॉमस लिऑन ओवेन्स नावाच्या एका तरुण कारकुनाशी तिने १८४९ च्या नाताळात पुण्यात लग्न केले. ती अठरा वर्षांची होती.

इथे एक गोष्ट माझ्या मनात आली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. म्हणजे दोघी एकाच वर्षाच्या. भिडे वाड्यातली मुलींची शाळा १८४८ साली सुरू झाली. ॲना पुण्याच्या लष्करात लग्नाचा झगा शिवून घेत होती, तेव्हा पलीकडे पेठेत सावित्रीबाई अंगावर शेण झेलत शाळेत जात होत्या. दोघी पुढे मास्तरणी म्हणूनच ओळखल्या गेल्या. दोघींची गाठ पडल्याचे कुठे आढळत नाही. पडणार तरी कशी? लष्कर आणि पेठ यांत अंतर फार.

लग्नानंतरची दहा वर्षे ॲनाने जे सोसले ते वाचताना पोरीचाही आवाज बसला. पहिली मुलगी सेलिना दीड वर्षाची होऊन गेली. मग नवराबायको नशीब काढायला जहाजाने ऑस्ट्रेलियाला निघाले. वाटेत मुलगा झाला. १८५३ साली ते पर्थला पोचले. तिथे तिने मुलींची शाळा काढून पाहिली, ती चालली नाही. तो मुलगाही तेरा महिन्यांचा होऊन वारला. मग ॲव्हिस नावाची मुलगी झाली, दोन वर्षांनी लुई नावाचा मुलगा झाला, हे दोघे जगले. नवऱ्याला धड नोकरी नव्हती. १८५७ च्या सुमारास ते सिंगापूरकडे आले, आणि पेनांगला तो एका हॉटेलचा व्यवस्थापक झाला. १८५९ च्या मे महिन्यात त्याला मेंदूचा झटका आला आणि एकतिसाव्या वर्षी तो गेला. ॲना सत्तावीस वर्षांची. चार बाळंतपणे, दोन मुले मातीत, दोन पदरात, परका मुलुख, गाठीला पैसा नाही.

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. आईसारखे दुसरे लग्न करून टाकायचे, नाहीतर हिंदुस्थानात परत येऊन बहिणीच्या दारात उभे राहायचे. तिने दोन्ही केले नाही. ती सिंगापूरला गेली, आणि तिथे तिने नवा जन्म घेतला. नवऱ्याच्या नावातले लिऑन आणि ओवेन्स हे दोन तुकडे जोडून लिओनोवेन्स झालेच होते, आता कारकून नवऱ्याला लष्करी अधिकारी केले, सुतार बापाला कप्तान केले, नगरचे वेल्स केले, वयातून तीन वर्षे कमी केली. अशा घरंदाज बाईच्या शाळेत अधिकाऱ्यांची मुले येऊ लागली. सार्जंटच्या, बराकीत वाढलेल्या पोरीच्या शाळेत ती आली असती का?

आता इथे मला माझे एक सांगायचे आहे, आणि संपादिकाबाईंनी ते कापू नये अशी विनंती आहे. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला आठ किलोमीटर चालत जावे लागे. थोरला भाऊ जात असे. मला वडिलांनी घरी बसवले. मंडळात नाव नोंदवताना शिक्षणाच्या रकान्यात मी दहावी पास असे लिहिले. कुणी दाखला मागितला नाही. पण तेव्हापासून हिशेबाची वही किंवा बँकेचा इंग्रजी कागद पुढे आला की मी चष्मा घरी राहिला असे सांगत आले. अकरा वर्षांत माझा चष्मा किती वेळा घरी राहिला, हे तुमच्याही ध्यानात आले असेल. म्हणून ॲनाचे खोटे ऐकताना मला हसू आले नाही. माझे खोटे लहान, तिचे मोठे, पण असे खोटे अंगावर वागवताना माणूस कसे सदा कान टवकारून असते, ते मला माहीत आहे.

इथून पुढे मी तिला ॲनाबाई म्हणते. शिकवणाऱ्या बाईला एकेरी हाक मारायची आमच्या शाळेत रीत नव्हती.

सिंगापूरची शाळा नावाला चांगली चालली, पण फी वसूल होईना. अशात १८६२ साली सयामच्या राजाकडून बोलावणे आले. सिंगापूरचे मोठे चिनी व्यापारी तान किम चिंग हे तिथे सयामचे वकील होते, त्यांच्यामार्फत. राजा मोंगकुट याला आपल्या राण्यांना आणि मुलांना इंग्रजी शिकवणारी बाई हवी होती. आधी अमेरिकन मिशनऱ्यांच्या बायका राजवाड्यात येऊन शिकवत असत, पण त्यांचे लक्ष धर्मावर. म्हणून राजाने अट घातली की भाषा आणि विद्या शिकवावी, धर्म शिकवू नये. ॲनाबाईंनी अट मान्य केली.

राजा म्हणजे कुणी रासवट गडी नव्हता, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढे त्याच्यावर फार अन्याय झाला. गादीवर येण्यापूर्वी तो सत्तावीस वर्षे बौद्ध भिक्षू होता. पाली, लॅटिन, इंग्रजी शिकलेला, ग्रहगणिताचा जाणकार. १८५१ साली गादीवर बसला तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता. एका बाजूला ब्रह्मदेश इंग्रज गिळत होते, दुसऱ्या बाजूला फ्रेंच सरकत येत होते. मधे त्याचे राज्य. इंग्रजांची भाषा, त्यांचे कायदे, त्यांची वागणूक मुलांना कळली नाही तर राज्य राहत नाही, हे त्याने ओळखले होते. आपल्याकडच्या किती संस्थानिकांनी हे ओळखले?

ॲनाबाईंनी सात वर्षांच्या ॲव्हिसला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडले आणि पाच वर्षांच्या लुईला घेऊन मार्च १८६२ मध्ये बँकॉक गाठले. मुलीची त्यानंतर पाच सहा वर्षे भेट नाही. माझी मुलगी आठ दिवस आजोळी गेली तर मला जेवण जात नाही. परंतु वाड्यात मुलगी वाढवणे तिला धोक्याचे वाटले असेल, आणि इंग्लंडात शिकलेली मुलगी ही घरंदाजपणाचा पुरावाही होती. दोन्ही कारणे असावीत. बरोबर एक मुन्शी आणि त्याची बायको बीबी अशी दोन माणसे होती. पहिल्या दिवशी बंदरावर उतरून घ्यायला कुणी नाही, राहायची सोय नाही. एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या घरी रात्र काढावी लागली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. मग काही आठवडे मुख्य प्रधानाच्या वाड्यात मुक्काम झाला, आणि घर मिळवण्यासाठी राजाशी बरीच हुज्जत घालावी लागली. त्या वेळचे बँकॉक म्हणजे सगळे पाणी. रस्त्यांऐवजी कालवे, गाड्यांऐवजी होड्या. पहिला मोठा रस्ता त्या तिथे असतानाच बांधून झाला.

राजवाड्याच्या आतल्या भागात फक्त बायका आणि मुले. पहारेकरीसुद्धा बायकाच. दुकाने, देवळे, न्यायनिवाडा, सगळे आतल्या आत, एक गावच म्हणा. हजारो बायका तिथे राहत. राजाच्या राण्या आणि उपस्त्रिया मिळून एकोणचाळीस, आणि मुले ब्याऐंशी. वर्ग भरे तो आतल्या भागातल्या एका देवळाच्या मंडपात. राजपुत्र आणि राजकन्या दासींच्या कडेवर येत. मोठ्या माणसापुढे गुडघ्यांवर सरकत जायची रीत होती. तिथे ही बाई ताठ उभी राहून बाराखडी शिकवायची. राण्यांना पहिल्या पहिल्यांदा धड्यापेक्षा बाईंच्या झग्याचे आणि टोपीचेच कौतुक अधिक. हे मात्र मला फार खरे वाटले. आपल्या मंडळात साक्षरतेचा वर्ग भरला होता, तेव्हा पहिले आठ दिवस शिकवायला आलेल्या मुलीच्या साडीवरच चर्चा चालली होती.

विद्यार्थ्यांत थोरला राजपुत्र चुलालोंगकोर्न होता, आठ वर्षांचा, गंभीर स्वभावाचा. आणि राजाची लाडकी मुलगी होती, फा यिंग म्हणून हाक मारत तिला. ॲनाबाईंचा तिच्यावर फार जीव. १८६३ च्या मे महिन्यात पटकीची साथ वाड्यात शिरली आणि आठ वर्षांची ती पोर एका दिवसात गेली. राजा मुलासारखा रडला. ॲनाबाईंनी आपली दोन पोरे पुरली होतीच.

शिकवण्याखेरीज राजाची इंग्रजी पत्रे लिहिण्याचे कामही बाईंकडे आले. वेळ नाही, काळ नाही, बोलावणे आले की जायचे. राजा तापट, बाई मानी, वरचेवर खटके उडत. पगारवाढ मागितली ती मिळाली नाही. दासदासींचे हाल पाहून त्या मध्ये पडत, अर्ज घेऊन राजाकडे जात, त्यामुळे दरबारी लोक नाराज. सोन क्लिन नावाच्या एका उपस्त्रीने अमेरिकेतल्या गुलामांवरची कादंबरी वाचून आपल्या सगळ्या दासदासींना मोकळे केले, असे ॲनाबाई सांगतात. एक वर्ष म्हणता म्हणता पाच वर्षांहून अधिक काळ लोटला, प्रकृती खालावली, आणि १८६७ साली त्या रजा घेऊन निघाल्या. परत यायचा विचार होता, अटी ठरत होत्या. पण १८६८ च्या ऑगस्टमध्ये राजाने स्वतः गणित करून खग्रास सूर्यग्रहण वर्तवले, ते पाहायला दलदलीच्या मुलखात छावणी टाकली, ग्रहण अगदी बरोबर लागले, आणि तिथेच हिवताप जडून राजा १ ऑक्टोबरला वारला. पंधरा वर्षांचा चुलालोंगकोर्न गादीवर बसला. त्याने बाईंना आभाराचे पत्र धाडले. परत या, असे मात्र लिहिले नाही.

पुन्हा रिकामे हात. वय सदतीस. त्या अमेरिकेला गेल्या, न्यूयॉर्कजवळ मुलींची शाळा काढली, व्याख्याने दिली, आणि पुस्तके लिहिली. पहिले १८७० साली, दुसरे १८७३ साली. खपावीत म्हणून त्यांत मीठमसाला भरला. राजवाड्याखाली तळघरात कैदखाने होते, एका उपस्त्रीला तिच्या प्रियकरासह जिवंत जाळले, असे लिहिले. जाणकार म्हणतात की बँकॉकच्या पाणथळ जमिनीत असले तळघर टिकणेच शक्य नाही, आणि जाळण्याचा कुठे पुरावा नाही. उलट मुले न झालेल्या स्त्रियांनी हवे तर वाडा सोडून जावे, अशी मोकळीक राजाने ॲनाबाई येण्याच्या कितीतरी आधी देऊन ठेवली होती.

मला विचाराल तर जन्माबद्दल बोललेले खोटे मी बाईंना माफ करते. ते पोटासाठी होते, आणि त्याने कुणाचे नुकसान झाले नाही. पण ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या माघारी त्याच्यावर नाही नाही ते लिहायचे, हे मला पटले नाही. भाची म्हणते, मामी, त्या पुस्तकांतला बायकांच्या दुःखाचा भाग खरा आहे, तेही विसरू नका. तेही खरेच. तीस वर्षांनी, १८९७ साली, राजा चुलालोंगकोर्न लंडनला आला तेव्हा ॲनाबाई नातीला घेऊन त्याला भेटल्या. त्याने त्यांचे उपकार आठवले, आणि माझ्या वडिलांना तुम्ही हास्यास्पद का केलेत असेही विचारले. नातीने हे सांगून ठेवले आहे. बाईंनी आपले म्हणणे सोडले नाही. विद्यार्थी राजा झाला तरी बाई बाईच.

या चुलालोंगकोर्नने गादीवर आल्यावर गुडघ्यांवर सरकण्याची रीत १८७३ साली बंद केली, आणि १८७४ पासून एकेक पायरी चढत १९०५ साली गुलामगिरी पुरती मोडली. हे श्रेय ॲनाबाईंचे, असे गोऱ्या लोकांनी पुष्कळ लिहिले. थायलंडातल्या लोकांना ते मुळीच मान्य नाही. बापाची शिकवण आणि राजाची स्वतःची अक्कल काही होती की नाही, असे ते विचारतात. १९४४ साली मार्गारेट लँडन या बाईंनी या कथेवर कादंबरी लिहिली, तिच्यावरून १९५१ साली संगीत नाटक निघाले, १९५६ साली सिनेमा आला. त्यात सत्तावीस वर्षे भिक्षू राहिलेला राजा नाचता दाखवला. थायलंडने तो सिनेमा आपल्या देशात दाखवू दिला नाही. १९९९ साली नवा सिनेमा आला, त्यालाही बंदी झाली. भाचीला मी बजावले आहे की तिथे गेल्यावर या बाईंचे नाव फार घेऊ नकोस.

पुढचे आयुष्य मात्र सुखाचे गेले. ॲव्हिसचे लग्न १८७८ साली एका बँकेच्या अधिकाऱ्याशी झाले आणि ॲनाबाई लेकीजावयाबरोबर कॅनडात हॅलिफॅक्सला राहिल्या. तिथे स्वस्थ बसतील तर ना! १८८१ साली रशियाच्या बादशहाचा खून झाला, तेव्हा एका मासिकासाठी एकट्या रशियाला जाऊन आल्या. हॅलिफॅक्समध्ये बायकांसाठी वाचनमंडळ चालवले, स्त्रियांच्या मताधिकारासाठी बोलल्या, शहरातल्या स्त्रियांची परिषद स्थापण्यात पुढाकार घेतला, म्हणजे आपल्यासारखेच मंडळ म्हणा ना. १८८७ साली काढलेली कलाशाळा तर पुढे विद्यापीठ झाली. नातवंडांच्या शिक्षणासाठी जर्मनीत राहिल्या, तेव्हा उतारवयात संस्कृत शिकल्या. मुलगा लुई सयामला परतून त्याच राजाच्या घोडदळात अधिकारी झाला आणि पुढे सागवानाच्या व्यापारात नाव काढले.

पण नगर, पुणे, आई, बहीण यांचा शब्द तोंडातून कधी काढला नाही. बहिणीच्या नातलगांपैकी कुणी कित्येक वर्षांनी पत्ता काढून पत्र लिहिले, तर पुन्हा लिहाल तर जिवाचे बरेवाईट करून घेईन, असे उत्तर दिले म्हणतात. गंमत अशी की एलायझाचा एक नातू पुढे सिनेमात गेला. भयपटांतला राक्षस म्हणून गाजलेला बोरिस कार्लोफ तो. आजीच्या धाकट्या बहिणीचे नाव त्याने ऐकले तरी होते की नाही कुणास ठाऊक.

ॲनाबाई १९ जानेवारी १९१५ रोजी माँट्रियल येथे त्र्याऐंशीव्या वर्षी वारल्या. तिथल्या दगडावरही नवऱ्याला मेजर केलेले आहे. तो कारकून बिचारा पेनांगच्या मातीत कारकूनच राहिला.

भाचीचे जाणे ठरले. सासूबाईंना मी एवढेच सांगितले की एक वर्ष म्हणजे अधिक महिना धरला तरी तेरा महिने, ते सरतात. ठिकाणे थांबतील ती थांबतील. तिला तिथला एक अर्ज भरायचा होता, त्यात घरातल्या एका माणसाचे नाव, नाते, वय आणि शिक्षण लिहायचे होते, अडीअडचणीला कळवण्यासाठी. तिने माझे नाव घातले. शिक्षणाच्या जागी काय लिहू, म्हणून तिने विचारले. मी म्हटले, सातवी. तिने लिहिले, आणि मी पुन्हा तिच्या डब्याच्या तयारीला लागले. मेतकूट, गोडा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी एवढे तिच्या सामानात मावते. लोणचे मात्र गळते म्हणून नको म्हणाली.